पोपचा हिशेब

क्षमेवरची इंग्रजीतली सगळ्यात गाजलेली ओळ ज्या माणसाने लिहिली, त्याने स्वतः फारसं कुणाला माफ केलं नाही. 'टू एर इज ह्यूमन, टू फरगिव्ह डिव्हाइन.' चुकणं माणसाचं, क्षमा करणं देवाचं. शाळेच्या फळ्यावर, डायरीच्या पानांच्या तळाशी, निवृत्तीच्या निरोप समारंभात ही ओळ इतकी वापरून झालीय की ती कुणा एकाने लिहिली असेल असं मनातही येत नाही. बऱ्याच जणांना ती बायबलमधली वाटते. ओळ अलेक्झांडर पोपची आहे. १७११ साली, जेमतेम तेविशीत असताना त्याने छापलेल्या 'एसे ऑन क्रिटिसिझम' या पद्यनिबंधातली. अर्धवट ज्ञान धोक्याचं, हेही त्यातच आहे. देवदूत जिथे पाऊल टाकायला कचरतात तिथे मूर्ख बेधडक घुसतात, हेही त्यातलंच. एका कवितेतून भाषेला तीन म्हणी देणारा कवी विरळाच.

क्षमेचा तो उपदेश होता समीक्षकांना. लेखकाच्या बारीकसारीक चुका काढत बसू नका, मन मोठं ठेवा, अशा अर्थाचा. आणि गंमत अशी की याच कवितेत पोपने आपला पहिला मोठा वैरी जोडून ठेवला. जॉन डेनिस हा त्या काळचा वजनदार समीक्षक, पोपपेक्षा तीसेक वर्षांनी मोठा. त्याच्या एका पडलेल्या नाटकातलं पात्र ॲपियस. पोपने डेनिसला तेच नाव दिलं आणि लिहिलं की तुम्ही एक शब्द काढा, की हा लालबुंद होतो आणि जुन्या पडद्यावर विणलेल्या जुलमी राजासारखा डोळे वटारून बघतो. बस्स, तीन ओळी. डेनिसने चिडून लगोलग पुस्तिका काढली आणि कवितेबरोबर कवीच्या पाठीचाही समाचार घेतला. पोपला तो 'कुबडा बेडूक' म्हणाला.

हे पोपला आयुष्यभर ऐकायचं होतं. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला मणक्याचा क्षय झाला. पाठ वाकली, वाढ खुंटली, उंची साडेचार फुटांवर थांबली. डॉ. जॉन्सनने नंतर त्याचं चरित्र लिहिलं. (विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त ज्याच्यावर भरभरून लिहिलं, तोच हा जॉन्सन.) त्यातलं वर्णन वाचताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. सकाळी जाड, ताठ कापडाची चोळी आवळून बांधल्याशिवाय पोपला उभं राहता येत नसे. पाय इतके काटकुळे की जरा भरीव दिसावेत म्हणून एकावर एक मोज्यांचे तीन जोड. तेही मोलकरणीने चढवायचे. टेबलाशी बसताना खुर्ची उंच करावी लागे. डोकेदुखी तर पाचवीला पुजलेली. रूबियाक नावाच्या शिल्पकाराने त्याचा अर्धपुतळा घडवला, तो म्हणाला की भुवयांच्या वर आक्रसलेल्या कातडीवरूनच कळतं, या माणसाचं डोकं सतत दुखत असणार. पोपने स्वतः एका ओळीत हे सगळं उरकलं: हे लांबलेलं दुखणं, म्हणजे माझं आयुष्य.

त्या दुखण्यातही झोप मोडून लिहिणं चालूच. एका उमरावाकडे मुक्कामाला असताना, १७४० च्या भयंकर थंडीत, त्याने एका रात्रीत चार वेळा मोलकरणीला उठवून कागद मागवला, सुचलेलं विसरून जाऊ नये म्हणून. ती बाई मात्र तक्रार करत नव्हती. हा माणूस रात्री-बेरात्री उठवतो, पण हात सैल आहे, याच्यासारखा पाहुणा असेल तर मला वेगळा पगारही नको, असं तिचं म्हणणं.

शरीर असं आणि कायदा तसा. पोप जन्मला २१ मे १६८८ रोजी, लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी. घर कॅथलिक. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॅथलिक राजा जाऊन प्रोटेस्टंट राजवट आली आणि कॅथलिकांवर बंधनांचा पाऊस पडला. विद्यापीठ बंद. सरकारी पद बंद. जमीन विकत घेता यायची नाही, होती त्यावर दुप्पट कर. लंडनपासून दहा मैलांच्या आत राहायचं नाही. कुटुंबाने बस्तान हलवलं विंडसरच्या जंगलाकडे, बिनफील्ड गावी. पोपचं शिक्षण झालं ते तिथे, बहुतेक आपलं आपणच.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा पोप अभ्यासक्रमात होता. गाईडमध्ये त्याचे गुण चार, मर्यादा चार. पैकी ही बंधनं कुठेच नव्हती. पुढे कधीतरी ती समजली आणि मग त्याच्या कवितेचा तो घट्टपणा, दोन-दोन ओळींत आवळून बांधलेलं प्रत्येक वाक्य, वेगळंच दिसायला लागलं. ज्याच्या अंगाला आणि नागरिकत्वाला सगळीकडून आवळलेलं होतं, त्याने आपली कविताही दहा-दहा अक्षरांच्या जोडओळीत आवळून घेतली आणि त्या आवळण्यालाच हत्यार केलं. हा माझा तर्क आहे. अभ्यासकांनी मान्य करायलाच हवा असा आग्रह नाही.

पद नाही, राजाश्रय नाही, धर्म बदलल्याशिवाय सरकारी मेहेरबानीही नाही. मग पोट कसं भरायचं? पोपने होमर विकला. 'इलियड'चं इंग्रजी पद्यात भाषांतर करायचं, सहा खंड, दर खंडाला एक गिनी, पैसे भरणाऱ्यांची नावं पुस्तकात छापायची. प्रकाशक बर्नार्ड लिंटॉटशी १७१४ मध्ये करार झाला. १७१५ ते १७२० अशी सहा वर्षं खंड निघत राहिले. पावणेसहाशेच्या आसपास वर्गणीदार जमले, त्यात राजघराण्यापासून पोपच्या राजकीय विरोधकांपर्यंत सगळे. साधारण पाच हजार पौंड पदरात पडले, तेव्हाच्या मानाने गडगंज. ग्रीकमध्ये त्याला फार गती नव्हती. रिचर्ड बेंटली हा ग्रीकचा प्रकांड पंडित म्हणालाच, कविता सुंदर आहे मिस्टर पोप, पण हिला होमर म्हणू नका. पोपने तेही लक्षात ठेवलं. सुरुवातीला या कामाच्या ओझ्याने त्याला रात्री स्वप्नं पडायची, आपण न संपणाऱ्या प्रवासाला निघालोय अशी. कुणीतरी मला फासावर चढवा, असं शंभरदा वाटलं, असं त्याने नंतर मित्राला सांगितलं. आणि एवढ्या पैशाच्या या भाषांतराचा मसुदा लिहिला कशावर? आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. ते कागद आजही ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याचा लेखक मित्र जोनाथन स्विफ्ट त्याला कागद वाचवणारा पोप म्हणून चिडवायचा.

या पैशांवर १७१९ मध्ये तो थेम्सकाठी ट्विकनमला राहायला गेला. घर भाडेपट्ट्यानेच, कारण विकत घ्यायची सोय नाही. होमरच्या कृपेने जगतोय, कुठल्या राजाचं की सरदाराचं देणं लागत नाही, असं त्याने अभिमानाने लिहून ठेवलं. इंग्रजीत केवळ वाचकांच्या पैशावर ऐटीत जगून दाखवणारा हा पहिला मोठा कवी.

घर आणि बाग यांच्या मधून रस्ता जात होता. पोपने रस्त्याखालून भुयार खणलं आणि त्याची सजवलेली गुहा, 'ग्रोटो', केली: शिंपले, आरशांचे तुकडे, पुढे तर कॉर्नवॉलच्या खाणींतले खनिजांचे दगड. आत एक झरा लागला. पोपने १७२५ मध्ये एका मित्राला लिहिलंय की दारं बंद केली की ती गुहा अंधारी कोठी होते आणि भिंतींवर नदी, झाडं, टेकड्या, होड्या अशी सगळी हलती चित्रं उमटतात. सिनेमाच्या पावणेदोनशे वर्षं आधी, जमिनीखाली बसलेला साडेचार फुटी माणूस भिंतीवर थेम्समधल्या होड्या बघतोय! जॉन्सनने या गुहेवरही चिमटा काढला: अडचणीतून अलंकार काढला, जायला वाट हवी होती ती हौसेने गुहा झाली.

आता पोपची सगळ्यात गोड कविता, 'द रेप ऑफ द लॉक', म्हणजे बटेचं अपहरण. १७११ च्या सुमारास लॉर्ड पीटर नावाच्या तरुण उमरावाने अराबेला फर्मर या सुंदर तरुणीच्या केसांची एक बट न विचारता कापली. दोन्ही घरं कॅथलिक, दोन्ही मानी, दोन्हीकडे अबोला. जॉन कॅरिल या दोघांच्याही परिचिताने पोपला सुचवलं, यावर काहीतरी लिही, हसतील आणि मिटवून टाकतील. पोपने महाकाव्याचा थाट लावला. १७१२ ला दोन सर्ग, १७१४ ला पाच. नायिका बेलिंडाचं प्रसाधन म्हणजे योद्ध्याने चिलखत चढवणं. ड्रेसिंग टेबलावरच्या एका डबीत हिंदुस्थानची झळाळती रत्नं, दुसरीत सगळं अरबस्तान दरवळतंय. टाचण्या, पावडरी, बायबल आणि प्रेमपत्रं एकाच रांगेत. पत्त्यांचा डाव म्हणजे रणसंग्राम. कॉफी दळण्याची विधिवत पूजा. आणि मध्येच, भुकेले न्यायाधीश घाईने शिक्षेवर सही करतात आणि ज्युरीला जेवायला मिळावं म्हणून बिचारे आरोपी फासावर जातात, अशी ओळ, जी वाचून हसू घशातच थांबतं. पाच सर्गांची आवृत्ती चार दिवसांत तीन हजार खपली.

शेवटी कापलेली बट कुणालाच सापडत नाही, कारण ती आकाशात जाऊन तारा झालेली असते. हे खोटं ठरलेलं नाही, निदान पूर्णपणे. युरेनसच्या चंद्रांची नावं शेक्सपिअर आणि पोप यांच्या पात्रांवरून ठेवायची पद्धत १८५२ पासून आहे. अंब्रिएल पोपचा, एरिएल दोघांच्याही साहित्यात, आणि व्हॉयेजर २ ला १९८६ मध्ये सापडलेल्या एका छोट्या चंद्राचं नाव बेलिंडा. लॉर्ड पीटरने कात्री चालवली त्याचा शेवट तिथे झाला. भांडण मात्र काही मिटलं नाही. पोपने मनापासून समेटासाठी लिहिलेली ती एकच मोठी कविता, आणि तिने समेट झाला नाही.

त्यानंतर पोपने समेटाचा नाद सोडला.

खऱ्या युद्धाला निमित्त झालं शेक्सपिअरचं. १७२५ मध्ये पोपने शेक्सपिअरची नाटकं संपादित केली. त्याची पद्धत अशी की आवडल्या ओळींना खुणा करायच्या आणि ज्या शेक्सपिअरला न शोभणाऱ्या वाटतील त्या उचलून पानाच्या तळाशी टाकायच्या. पुढच्याच वर्षी लुइस थिओबाल्ड नावाच्या माणसाने पोपच्या चुका दाखवणारं आख्खं पुस्तक काढलं. थिओबाल्ड वकिलीच्या पेशातला, फुटकळ नाटकं लिहिणारा, गबाळा. पण पाठचिकित्सेत अस्सल.

एकच उदाहरण. 'हेन्री द फिफ्थ'मध्ये फॉल्स्टाफच्या मरणाचं वर्णन आहे. छापील पाठात म्हाताऱ्याचं नाक लेखणीसारखं टोकदार झालं होतं इथपर्यंत ठीक, आणि मग अचानक 'हिरव्या शेतांचं टेबल'. अर्थच लागत नाही. पोपने तर्क लढवला: ग्रीनफिल्ड हे नाटकातल्या सामानसुमान सांभाळणाऱ्याचं नाव असावं, आणि 'टेबल आण' ही त्याला केलेली सूचना चुकून संवादात घुसली असावी. थिओबाल्डने दोन-तीन अक्षरं बदलली आणि ओळ झाली: तो हिरव्या शेतांबद्दल पुटपुटत होता. तापात, मरता मरता, लहानपणची शेतं आठवणारा म्हातारा. तीनशे वर्षं झाली, बहुतेक आवृत्त्यांत ही दुरुस्ती आजही आहे. शेक्सपिअरच्या लाडक्या ओळींपैकी एक, आणि ती थिओबाल्डच्या हातून सापडलेली.

थिओबाल्ड बरोबर होता. पोपला ते कळत होतं. स्वतःच्या पुढच्या आवृत्तीत त्याने थिओबाल्डच्या काही दुरुस्त्या घेतल्याही. आणि १७२८ मध्ये त्याने त्याच थिओबाल्डला 'डन्सियड'चा, म्हणजे मूर्खांच्या महाकाव्याचा, नायक केलं.

'डन्सियड' ही इंग्रजीतली बहुधा सगळ्यात विद्वान शिवी. मंदपणाची देवी आपला नवा राजा निवडते. त्याच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने लेखक आणि पुस्तकविक्रेत्यांच्या शर्यती लागतात. एडमंड कर्ल हा बदनाम प्रकाशक धावताना घाणीत घसरून पडतो. भाडोत्री लेखक फ्लीट नाल्याच्या गाळात सूर मारून खोल कोण जातो याची स्पर्धा करतात. शेवटची परीक्षा समीक्षकांची: कंटाळवाणी पुस्तकं मोठ्याने वाचली जातात, जागा राहील तो जिंकला. सगळे झोपतात. १७२९ ची आवृत्ती तर तळटीपांच्या अरण्यात आली. पंडिती टीपांची टिंगल करणाऱ्या, खोट्या पंडितांच्या नावाने लिहिलेल्या टीपा. ही आवृत्ती पंतप्रधान वॉलपोलने स्वतः राजाच्या हाती दिली.

आचार्य अत्र्यांचे अग्रलेख चवीने वाचलेल्या मराठी माणसाला नावं घेऊन केलेल्या मारामारीचं नवल नाही. पण पोपच्या बळींची यादी बघा: त्यातले पुष्कळ जण खरोखरीच दारिद्र्यात खितपत लिहिणारे होते. ग्रब स्ट्रीटच्या पोटमाळ्यांवर पानाच्या दराने लिहिणाऱ्यांची गरिबी हा विनोदाचा विषय करणं मला आजही खटकतं. वर्गणीच्या गिन्यांवर नदीकाठी घर असलेल्या माणसाने उपाशी लेखकाच्या भुकेवर हसावं? पोपचं उत्तर होतं की उपाशी आहेत म्हणून नव्हे, वाईट लिहितात आणि खोटं लिहितात म्हणून. मला ते अर्धंच पटतं.

स्विफ्टने त्याला आधीच सावध केलं होतं. १७२५ च्या एका पत्रात तो लिहितो, सांभाळ, वाईट कवी तुझ्यावर मात करतील. त्यांनी प्रत्येक युगात चांगल्या कवींना डिवचून आपली नावं पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचवून घेतली आहेत. नेमकं तेच झालं. 'डन्सियड'मधली निम्मी नावं आज ऐकायला मिळतात ती केवळ पोपने त्यांना शिव्या दिल्या म्हणून.

त्या काळात पोप एकटा फिरायला निघाला की बाउन्स नावाचा धिप्पाड कुत्रा बरोबर असे आणि खिशात पिस्तुलं. त्याची सावत्र बहीण सांगायची, माझ्या भावाला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही. विरोधकांनी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि आडनावाची पहिली-शेवटची अक्षरं जुळवून इंग्रजीत 'एप', म्हणजे माकड, केलं आणि रोमच्या पोपचा मुकुट घातलेल्या माकडाचं चित्र छापलं. पोपनेही कधी मागे पाहिलं नाही. त्या कर्लचीच गोष्ट. १७१६ मध्ये त्याने काही कविता विनापरवाना छापून त्या पोपच्या वर्तुळातल्या असल्याचं सुचवलं, तेव्हा पोपने त्याला फ्लीट स्ट्रीटच्या खानावळीत मद्याच्या प्याल्यातून वांतीचं औषध पाजलं. तेवढ्याने भागलं नाही. वर त्या ओकाऱ्यांचं रसभरित वर्णन करणारी पुस्तिका छापली.

कर्लशी दुसरा सामना जास्त धूर्त होता. पोपला स्वतःची पत्रं छापून हवी होती, पण जिवंत माणसाने आपली पत्रं आपणच छापणं हा निव्वळ आगाऊपणा समजला जाई. मग १७३५ च्या सुमारास एक गूढ माणूस कर्लकडे आला, पाद्र्याचा झगा आणि वकिलाची गळपट्टी अशा विजोड वेषात, पत्रांचं गाठोडं घेऊन. कर्लने आनंदाने छापलं. पोपने जाहीर संताप केला, चोरीच्या पत्रांचा बोभाटा केला, आणि आता काय करणार, खरी पत्रं छापणं भाग आहे म्हणत १७३७ मध्ये स्वतःची आवृत्ती काढली. गाठोडं पाठवणारा पोपच होता. पुढे एकोणिसाव्या शतकात कॅरिलकडच्या मूळ पत्रांच्या नकला सापडल्या तेव्हा उघड झालं की पोपने पत्रंही बदलली होती: कॅरिलला लिहिलेलं छापताना निबंधकार ॲडिसनसारख्या बड्या नावांच्या पत्त्यावर वळवलं होतं.

हा खोटेपणा निखालस आहे. पण त्याच्या शेपटाला लागून एक खरी गोष्ट जन्मली. १७४१ मध्ये कर्लने पोप आणि स्विफ्टची पत्रं छापली तेव्हा पोप कोर्टात गेला. निकाल असा लागला की पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा. प्रताधिकाराचा हा नियम आजवर टिकलाय, आपल्याकडेही.

त्याचं सर्वांत भेदक काव्य मला 'डन्सियड' वाटत नाही. ते १७३५ चं, मरणाच्या दारात असलेल्या डॉक्टर आर्बथनॉट या मित्राला लिहिलेलं पद्यपत्र आहे. सुरुवातच अशी: दार लाव रे जॉन, दार लाव! दारावरची कडी बांधून टाक, मी आजारी आहे म्हण, मेलो म्हण. कारण देशातला प्रत्येक हौशी कवी वही घेऊन त्याच्या गुहेपर्यंत पोचतोय. इतकं हसवून मग तो ॲडिसनला घेतो: पुळचट स्तुती करून माणसाला संपवणारा, स्वतः नाक न मुरडता दुसऱ्यांना नाक मुरडायला शिकवणारा. आणि मग दरबारी उमराव लॉर्ड हर्वी. हर्वी आणि लेडी मेरी माँटॅग्यू यांनी पोपच्या कुबडावर अत्यंत हिणकस कविता लिहिली होती. लेडी मेरी एकेकाळी पोपची जिवलग मैत्रीण; बिनसलं का, याच्या दंतकथा पुष्कळ, लोकप्रिय दंतकथा अशी की त्याने प्रेम व्यक्त केलं आणि ती खो-खो हसली. हर्वी आजारी, फिकट, गाढवीच्या दुधावर जगणारा. पोपने त्याला गाढवीच्या दुधाची साय म्हटलं, रंगवलेला मातीचा किडा म्हटलं, धड पुरुष ना स्त्री असं काहीतरी म्हटलं. आपल्या देहावरून आयुष्यभर टोमणे खाल्लेल्या माणसाने दुसऱ्याच्या दुबळ्या देहावर अशी झोड उठवावी, हे त्या ओळी कितीही झगमगल्या तरी बोचतं. आर्बथनॉटने शेवटच्या आजारात त्याला लिहिलं होतं की शिक्षा देण्यापेक्षा सुधारण्याकडे बघ. पोपने आदराने ऐकलं आणि आपलंच केलं.

तो स्वतः किती सोसत होता याचा एकच प्रसंग जॉन्सनने दिलाय. कोली सिबर हा नट आणि राजकवी. 'डन्सियड'च्या १७४३ च्या आवृत्तीत थिओबाल्डची उचलबांगडी करून पोपने त्यालाच राजा केलं. सिबरनेही त्याच सुमारास पोपबद्दल वेश्यागृहातला एक किस्सा छापून सगळ्या लंडनभर त्याचं हसं केलं होतं. एकदा सिबरची पुस्तिका हाती आली तेव्हा रिचर्डसन पिता-पुत्र पोपकडे बसले होते. पोप म्हणाला, या असल्या गोष्टी म्हणजे माझी करमणूक. ते दोघे बघत राहिले. वाचता वाचता त्याचा चेहरा वेदनेने पिळवटत होता. घरी जाताना मुलगा बापाला म्हणाला, अशी करमणूक देवाने माझ्या वाट्याला न आणो.

पोपचं नाव विसाव्या शतकापर्यंत बरंच खाली-वर झालं. बायरनने त्याची बाजू हिरिरीने घेतली. मॅथ्यू आर्नल्डने १८८० मध्ये ठरवून टाकलं की पोप हा आपल्या कवितेचा नव्हे, गद्याचा अभिजात लेखक. हे वाचलं की मला मोरोपंत आठवतात. १७२९ साली पन्हाळ्याला जन्मलेले, म्हणजे टीपांसह 'डन्सियड' आली त्याच वर्षी. दोन ओळींच्या आर्येत रामायण-महाभारत बसवणारे, यमकांवर हुकमत, अफाट पांडित्य, आणि पुढच्यांनी दिलेला तोच शेरा: भाषाप्रभू खरे, पण कवी? आर्नल्ड पोपला कवितेच्या पंक्तीतून उठवत होता, त्याच सुमारास चिपळूणकर 'निबंधमाले'तून मोरोपंतांसाठी भांडत होते. आर्या आज निदान शाळेत एखादी पाठ होते. पोपचं नशीब त्याहून विचित्र: त्याच्या ओळी रोज वापरात आहेत आणि बोलणाऱ्याला कवी माहीत नसतो. २००४ च्या 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड' या चित्रपटाचं नावच त्याच्या ओळीतून उचललंय, आणि त्यातली एक मुलगी ती ओळ म्हणून दाखवताना कवीचं नाव सांगते, 'पोप अलेक्झांडर'. हे त्याने ऐकलं असतं तर 'डन्सियड'ला पाचवं पुस्तक जोडलं असतं.

त्याचं घर १८०८ मध्ये पाडलं गेलं. नव्या मालकीणबाईंना घर बघायला येणाऱ्यांचा वैताग आला होता. चित्रकार टर्नरने पाडकाम चालू असतानाचं चित्र काढलंय. गुहा मात्र राहिली. वर आता शाळा आहे.

क्षमेकडे येतो. डेनिसला पोपने कधी माफ केलं का? १७३३ च्या अखेरीस डेनिस आंधळा, कफल्लक झाला होता, त्याच्या मदतीसाठी नाटकाचा प्रयोग लावला गेला. त्यासाठी प्रास्ताविक पद्य लिहिलं पोपने. ते वाचलं तर त्यातही बारीक टाचण्या आहेत, पण पैसे जमायला हातभार लागला. त्याच्या क्षमेचा हा कमाल आकडा असावा, आणि तो मला खोट्या मोठेपणापेक्षा आवडतो.

१७४४ च्या मे महिन्यात दमा आणि जलोदराने तो थकत गेला. कुणीतरी आज बरी लक्षणं आहेत असं म्हणालं. तो दुसऱ्या मित्राला म्हणाला, हा बघा, शंभर चांगल्या लक्षणांनी मरतोय मी. ३० मे रोजी गेला.

मृत्युपत्र उघडलं गेलं. बाथचा रॅल्फ ॲलन हा श्रीमंत आणि उदार माणूस वर्षानुवर्षं पोपचा यजमान होता. त्याच्या बायकोचं पोपच्या जिवलग मैत्रिणीशी, मार्था ब्लाउंटशी, बिनसलं होतं आणि ते पोपच्या मनात होतं. मृत्युपत्रात ॲलनसाठी दीडशे पौंड ठेवले होते, त्याच्याकडून आजवर जे घेतलं त्याचा माझ्या हिशेबाने होणारा आकडा, असं म्हणून. ॲलनने पैसे घेतले आणि बाथच्या रुग्णालयाला देऊन टाकले. म्हणाला, पोप हिशेबात नेहमीच कच्चा. दीडशेपुढे आणखी एक शून्य घातलं असतं तर खऱ्याच्या जवळ गेला असता.